थंड पाण्यात हाउसिंगच्या काचेवर वाफ धरते: लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

पाणी ८ अंश, कपारीतून डोकं काढून बसलेला वुल्फफिश, दिवे नीट जुळवलेले, आणि चित्राच्या बरोबर मधोमध दुधाळ डाग. स्कॉटलंडच्या सेंट अ‍ॅब्जपासून खाली इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडच्या फार्न बेटांपर्यंत पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. तारकर्लीच्या कोमट पाण्यात डायव्हिंग शिकून इकडे आलेल्यांना तर ती हमखास भेटते, कारण तिकडे तोच कॅमेरा आणि तेच हाउसिंग (कॅमेरा ठेवायचा जलरोधक डबा) बिनतक्रार चाललेलं असतं. मग संशय ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या सीलच्या रबरी कडीवर, जातो, नव्या रिंगा मागवल्या जातात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच डाग.

बहुतेक वेळा सील शाबूत असतं. काचेवरचं पाणी समुद्रातून आलेलंच नसतं. हाउसिंग बंद करताना जी हवा आत कोंडली गेली, तिच्यातलं ते असतं. म्हणून दुरुस्तीची सुरुवात ओ-रिंगपासून करू नका. हाउसिंग कुठे, केव्हा आणि कोणत्या हातांनी बंद केलं, तिथून करा.

आधी लक्षण ओळखा

‘फोटो धूसर येतो’ या एका तक्रारीमागे पाच-सहा वेगळे बिघाड असतात. त्यांची गल्लत झाली की चुकीच्या जागी पैसे जातात.

आतून धरलेली वाफ: पहिली दहा-वीस मिनिटं चित्र स्वच्छ असतं, मग मधोमध पांढुरकं होत जातं. कडा त्यामानाने ठीक राहतात. टॉर्चच्या उजेडाभोवती वलय दिसतं. वर आल्यावर हाउसिंग जरा गरम झालं की डाग आपोआप जातो. या पोस्टचा मुख्य विषय हाच.

बाहेरचे बुडबुडे: पाण्यात उतरल्या उतरल्या दिसतात. पोर्टवरून, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेवरून, बोट फिरवलं की जातात.

क्लोज-अपसाठी पुढे लावलेल्या भिंगात अडकलेली हवा: चित्राचा वरचा भाग किंवा अर्धा भाग अस्पष्ट, उरलेला चांगला. भिंग पाण्याखालीच काढून, तिरकं धरून, हवा जाऊ देऊन पुन्हा बसवायचं.

प्लवक: एप्रिल-मे महिन्यांत इथलं पाणी प्लवकांनी (तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी) हिरवट, गढूळ होतं. ओळखायची खूण सोपी आहे. हातभर अंतरावरची वस्तू स्पष्ट आणि दोन मीटरवरची धूसर असेल, तर दोष पाण्याचा. जवळची वस्तूही तितकीच दुधाळ असेल तर दोष काचेचा. स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) उडाल्यावर बर्फ पडल्यासारखे ठिपके दिसत असतील तर तेही प्लवक आणि गाळच. स्ट्रोब बाजूला सरकवा.

गळती: हाउसिंग कलतं केलं की थेंब ओघळतो किंवा तळाशी पाण्याची रेघ हलते. गजर असेल तर तो वाजतो. इथे पुढच्या कोणत्याही तपासणीची वाट पाहू नका. डाइव्ह संपवा, पोर्ट खाली करून धरा म्हणजे पाणी पोर्टमध्ये साठेल आणि कॅमेऱ्याची बॉडी वाचण्याची शक्यता राहील, आणि नेहमीच्याच वेगाने वर या. वर येतानाचा ५ मीटरवरचा ३ मिनिटांचा सुरक्षेचा थांबा कॅमेऱ्यासाठी कधीही चुकवू नका.

लेन्सच्या आतलं धुकं: हाउसिंगमधून काढून, कोरडं करूनही लेन्स धूसरच. उजेडाकडे धरल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणातला पावसाळा कपाटात काढलेल्या लेन्समध्ये ती बऱ्याचदा सापडते, आणि इकडच्या थंडीवर विनाकारण आळ येतो.

थोडा हिशेब

हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढच्या सगळ्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो.

घरात २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण १०.४ ग्रॅम बाष्प असतं. ८ अंशांना तेवढीच हवा जेमतेम ८.३ ग्रॅम धरू शकते. उरलेलं बाष्प सर्वांत थंड पृष्ठभागावर जाऊन बसणार, आणि तो पृष्ठभाग बऱ्याचदा पोर्टची काच असते. पण किती बाष्प? मोठ्या हाउसिंगमध्ये कॅमेरा ठेवून उरलेली मोकळी जागा २ लिटर धरली, तर ते भरतं फक्त ४ मिलिग्रॅम. डाग पडायला एवढं पुरतं.

आता दुसरी बाजू पाहा. ओल्या केसांतून किंवा ड्रायसूटच्या (अंग कोरडं ठेवणाऱ्या डायव्हिंग सूटच्या) मनगटातून पडलेला एक थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे खोलीतल्या हवेने जेवढा त्रास दिला असता, त्याच्या बारापट. त्यामुळे हाउसिंग बंद करताना आत एकही थेंब राहू न देणं, हे बाजारातल्या कुठल्याही वाफरोधक द्रवापेक्षा जास्त कामाचं आहे.

तपासणी पहिली: बादली (खर्च शून्य)

समुद्रावर जाण्याआधी घरीच बिघाड घडवून पाहा. बादलीत पाणी आणि बर्फ घालून तापमान ५ अंशांच्या आसपास आणा. हाउसिंग नेहमी करता तसंच बंद करा. त्यात मुद्दाम सुधारणा करू नका, नाहीतर कळणार काहीच नाही. कॅमेरा चालू ठेवा, वजन लावून हाउसिंग ३० मिनिटं पूर्ण बुडवा आणि दर पाच मिनिटांनी टॉर्चने पोर्ट पाहा.

वाफ धरली तर कारण तुमच्या बंद करण्याच्या पद्धतीत आहे आणि पुढचा प्रत्येक बदल याच बादलीत पडताळता येईल. एका वेळी एकच बदल करा. बादलीत काहीच झालं नाही आणि समुद्रात मात्र होत असेल, तर बोटीवर किंवा गाडीत काय घडतं ते शोधायचं.

तपासणी दुसरी: हाउसिंग कुठे बंद करता?

सर्वांत जास्त चुका इथे होतात. बोटीच्या केबिनमध्ये उबदार वाटतं म्हणून तिथे हाउसिंग बंद केलं जातं. पण तिथे किटली उकळत असते, पाच-सहा ओले सूट वाळत असतात आणि माणसं श्वास सोडत असतात. त्याहून वाईट हवा बोटीवर दुसरीकडे मिळणार नाही. स्वयंपाकघराचंही तेच, रात्री भात शिजल्यानंतर ओट्याशेजारी बसून कॅमेरा लावू नका.

हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला घराबाहेरची हवा वापरा. ऐकायला उलटं वाटतं, कारण बाहेर तर सगळं ओलसर आणि धुकट असतं. पण ५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरला ६.१ ग्रॅमच बाष्प बाळगते. मार्चच्या आसपास इथला समुद्र ६ अंशांपर्यंत उतरतो आणि ६ अंशांची हवा ७.३ ग्रॅम धरू शकते. म्हणजे त्या हवेत बंद केलेल्या हाउसिंगमध्ये वाफ धरायला कारणच उरत नाही. शेड, गॅरेज किंवा गाडीची उघडी डिकी चालेल. पाऊस आणि तुषार मात्र लागता कामा नयेत.

क्रम महत्त्वाचा आहे. कॅमेरा आणि हाउसिंग दोन्ही तासभर आधी बाहेर नेऊन गार होऊ द्या आणि उघड्या हाउसिंगमधली खोलीतली हवा बाहेरच्या हवेने बदलू द्या. मग बंद करा. बंद केलेलं हाउसिंग पुन्हा घरात आणलं तरी चालतं. आतली हवा तीच राहते. उलट, गार पडलेला उघडा कॅमेरा उबदार खोलीत आणला तर त्याच्यावरच दव पडेल. तसा आणावाच लागला तर पिशवी घट्ट बंद करून आणा आणि आतलं सामान खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका.

उन्हाळ्यात ही युक्ती तोकडी पडते. १६ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला सुमारे १०.९ ग्रॅम बाष्प असतं, आणि १२ अंशांची हवा १०.७ धरते. काठावरचं प्रकरण आहे. तेव्हा पुढच्या दोन तपासण्यांवर जोर द्या.

तपासणी तिसरी: लपलेलं पाणी

कॅमेऱ्याचा कापडी पट्टा काढून टाका. तो स्पंजसारखा ओल धरतो. फ्लॅशच्या खाचेत, बॅटरीच्या झाकणाखाली, झूमच्या कड्याच्या फटीत आणि पोर्ट बसतो त्या गोल खोबणीत कापसाची काडी फिरवून पाहा. काडी ओली निघाली तर गुन्हेगार सापडला.

हाउसिंग धुतल्यावर पुसून लगेच बंद करायची सवय असेल तर ती मोडा. बटणांच्या दांड्यांभोवती बाहेरून अडकलेलं पाणी झाकण उघडताना आत ओघळतं. म्हणून उघडताना बाहेरचं पाणी आधी पुसायचं, पोर्ट खाली करून ठेवायचा आणि झाकण सरळ वर उचलायचं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कॅमेरा गरम होतो म्हणून वाफ धरते, असं सर्रास सांगितलं जातं. बंद डब्यातली हवा तापवली म्हणून तिच्यातलं बाष्प वाढत नाही. पण आत थेंब लपलेला असेल तर ती ऊब त्याचं बाष्प करते आणि ते थंड काचेवर जाऊन बसतं. लांब व्हिडिओ घेताना वाफ लवकर धरते ती म्हणून. व्हिडिओ कमी करून लक्षण दबेल. थेंब तिथेच राहील.

तपासणी चौथी: सिलिका जेल

पाच ग्रॅमची एक चांगली पुडी गरजेपेक्षा कितीतरी जास्त बाष्प शोषू शकते, कारण आपल्याला काही मिलिग्रॅमच घालवायचे आहेत. मग पुडी असूनही वाफ का धरते? तीन कारणं सापडतात.

पुडी आधीच भरलेली असते. बॅगेत महिनोन्‌महिने उघडी पडलेली पुडी म्हणजे निव्वळ वजन. रंग बदलणारे दाणे घ्या: नारिंगी दाणे ओल धरली की हिरवे होतात, निळे गुलाबी होतात. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून नारिंगी घेतलेले बरे. सुटे दाणे पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन-तीन तास ठेवले की पुन्हा कामाचे होतात. मग लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा.

दुसरं कारण वेळ. जेल हळूहळू ओढतं. जेटीवर पुडी टाकून दहा मिनिटांत पाण्यात उतरलात तर ती अजून कामाला लागलेलीही नसते. आदल्या रात्री हाउसिंग बंद करा.

तिसरं कारण जागा. पुडी बॅटरीला किंवा स्क्रीनला चिकटून बसली की तापते, आणि तापलेलं जेल धरलेली ओल परत सोडू लागतं. तिला कॅमेऱ्याच्या तळाशी, गार भिंतीलगत ठेवा. आणि बंद केल्यावर टॉर्च लावून पूर्ण ओ-रिंगभर नजर फिरवा. पुडीचा कोपरा किंवा ओल शोषणाऱ्या पट्टीचं टोक सीलमध्ये चिमटून हाउसिंग पाण्याने भरल्याच्या घटना वाफेपेक्षा फार महाग पडतात. सुटे दाणे आत कधीच टाकू नका.

तपासणी पाचवी: दोन डाइव्हच्या मधला वेळ

सकाळची डाइव्ह स्वच्छ आणि दुपारची धूसर, असं होत असेल तर मधे हाउसिंग उघडलं गेलंय. उपाय म्हणजे न उघडणं. दिवसभर पुरेल एवढं कार्ड, पूर्ण भरलेली बॅटरी, स्क्रीनचा उजेड आणि कॅमेरा आपोआप झोपी जाण्याचा वेळ कमी. मधल्या काळात हाउसिंग सावलीत, झाकलेल्या गार पाण्याच्या बादलीत ठेवा.

उघडावंच लागलं तर आधी हुड काढून केस पुसा आणि डोक्याला कोरडा टॉवेल गुंडाळा. मनगटं पुसून बाह्या वर करा. मग हाउसिंग पुसा. हा क्रम उलटा झाला की थेंब पडतोच.

बोटीवर कोरडी हवा हाताशीच असते, ती म्हणजे सिलेंडरमधली. कॉम्प्रेसरच्या गाळणीतून आलेली ती हवा खोलीतल्या हवेपेक्षा कितीतरी कोरडी असते. कमी दाबाच्या नळीला हवा मारायची छोटी बंदूक लावून उघड्या हाउसिंगच्या कोपऱ्यांत मंद झोत दहा-पंधरा सेकंद फिरवा आणि लगेच झाकण लावा. झोत कॅमेऱ्याच्या शटरवर किंवा बटणांच्या फटींत मारू नका. हाउसिंग बंद असताना आत हवा भरू नका, पोर्ट उडू शकतो. आणि ज्या सिलेंडरवर पुढची डाइव्ह करायची आहे त्यातली हवा यासाठी खर्च करू नका.

तपासणी सहावी: साहित्यच तसं असेल तर

पॉलिकार्बोनेटच्या हाउसिंगमध्ये वाफेचा त्रास अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त होतो. प्लॅस्टिक उष्णता फारशी वाहू देत नाही, त्यामुळे भिंती कोमट राहतात आणि काचेचा पोर्ट तेवढा गार पडतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये आख्खा डबा झटकन गार होतो आणि बाष्प काचेऐवजी धातूच्या भिंतींवर बसतं, जिथे ते फोटो बिघडवत नाही. काचेच्या डोमपेक्षा (घुमटाकार पोर्टपेक्षा) अ‍ॅक्रिलिकच्या डोमवर वाफ कमी धरते, तीही याच कारणाने. नवीन हाउसिंग घ्यायला सांगत नाही. प्लॅस्टिकचं असेल तर वरच्या तपासण्या जास्त काटेकोर करा, इतकंच.

निर्वात पंपाची सोय असेल तर ती वापराच. तिचं मुख्य काम गळती ओळखणं, पण पाव हवा बाहेर काढली की पाव बाष्पही जातं. वरच्या हिशेबातले १०.४ ग्रॅम ७.८ वर येतात, म्हणजे ८ अंशांच्या पाण्यासाठी आपण सुरक्षित बाजूला.

वाफरोधक द्रव सगळ्यात शेवटी. तो बाष्प घालवत नाही, थेंबांचा पातळ पापुद्रा करतो. काचेवर परावर्तनरोधक लेप असेल तर लावू नका. मास्कला थुंकी चालते म्हणून पोर्टच्या आत ती लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने पाणी आत घालणं.

तपासणी सातवी: खरंच गळतंय का?

आतल्या ओलीचा एक थेंब स्वच्छ काळ्या काचेवर किंवा फोनच्या बंद स्क्रीनवर घ्या आणि वाळू द्या. काहीच उरलं नाही तर ते दव. पांढरं कडं उरलं तर समुद्र आत आलाय. एका लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असणाऱ्या पाण्याची खूण लपत नाही.

मीठ दिसलं तर कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपरच्या पट्ट्या बसवून हाउसिंग खाली न्या. कुठली पट्टी भिजते त्यावरून जागा कळते. पहिल्या दोन-तीन मीटरमधल्या गळतीकडे नीट लक्ष द्या. खोलवर पाण्याचा दाबच ओ-रिंग खोबणीत घट्ट बसवतो. उथळात तो आधार नसतो, आणि थंडीत रबर कडकही झालेलं असतं.

मुख्य ओ-रिंग प्लॅस्टिक कार्डाच्या कोपऱ्याने काढा, टाचणी नको. बोटांच्या चिमटीतून फिरवून केस, वाळू किंवा मिठाचा खडा लागतो का पाहा. खोबणी पुसा. ग्रीस चमक येण्यापुरतंच. गोळा दिसला तर तो कचरा धरणार. ओ-रिंग सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसने ती फुगते, म्हणून निर्मात्याचंच ग्रीस वापरा.

पाण्याखाली वाफ धरलीच तर

बाहेरून एकदा पुसून पाहा. एकदाच. तरी डाग गेला नाही तर त्या डाइव्हपुरता कॅमेरा संपला, क्लिपला अडकवा. १० अंशांच्या खाली श्वासाची हवा देणारा रेग्युलेटर गोठून हवा सुटू शकते, बोटं बधिर होतात, हवा लवकर संपते. अशा वेळी स्क्रीनकडे टक लावून बसणं धोक्याचं आहे. प्राण्यांसाठीही. धूसर चित्रावर उपाय म्हणून लोक आणखी जवळ जातात आणि तोंडासमोर पुन्हा पुन्हा स्ट्रोब उडवतात. वसंतात उथळ पाण्यात अंड्यांची राखण करणारा लंपसकर माशाचा नर जागा सोडून जाऊ शकत नाही. तो तिथेच ते सहन करतो.

पाटी आणि पेन्सिल घ्या. खोली, वेळ, प्राण्याचा आकार, तो काय करत होता, हे लिहा. डेड मॅन्स फिंगर्स हे मऊ प्रवाळ उमललेलं होतं की मिटलेलं, एवढी नोंदही उपयोगाची असते: साधारण जुलैपासून डिसेंबरपर्यंत ते मिटून राहतं, आणि फोटोत ते मळकट दिसलं तर दोष काचेचा नसतो. सेंट अ‍ॅब्ज आणि आयमाउथचा किनारा १९८४ पासून स्वेच्छा सागरी राखीव क्षेत्र आहे. तिथून वर आणायची ती फक्त नोंद आणि फोटो.

इथे हात थांबवा

बटणांच्या दांड्यांमधून पाणी येत असेल तर ते खोलू नका. आतल्या छोट्या ओ-रिंगा आणि कड्या बसवायला ठरावीक हत्यारं लागतात, आणि चुकीची बसलेली कडी २० मीटरवर सुटते. निर्वात पंप लावल्यावर मुख्य ओ-रिंग स्वच्छ करूनही दाब टिकत नसेल, पोर्टला केसाएवढी चीर असेल, लेन्सच्या आत धुकं किंवा बुरशी असेल, तर अधिकृत दुरुस्ती केंद्राकडेच द्या. आख्ख्या हाउसिंगची दाबचाचणी घरी होत नाही.

समुद्राचं पाणी कॅमेऱ्यापर्यंत पोचलं असेल तर तो चालू करून पाहू नका. बॅटरी काढता आली तर काढा, पण ती पुन्हा चार्ज करू नका. लिथियमची भिजलेली बॅटरी घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवून दोन दिवस घालवू नका, तेवढ्यात मीठ सर्किट खातं. त्याच दिवशी तंत्रज्ञाला फोन करा. त्याला कॅमेरा आणि हाउसिंग दोन्ही द्या, आणि सोबत कागदावर लिहा: किती खोलीवर दिसलं, पाण्याचं तापमान, डाइव्हच्या कितव्या मिनिटाला, थेंब वाळल्यावर मीठ उरलं की नाही, आणि टिश्यूची कुठली पट्टी भिजली.